शेवटच्या माणसाची शिट्टी

आमच्या चालणाऱ्यांच्या क्लबात एक पद्धत होती. रांगेत सगळ्यांत मागे जो चालेल त्याच्या गळ्यात शिट्टी. कुणाला चालवेनासं झालं तर शिट्टीवाल्याने ती तीनदा वाजवायची, की पुढचे सगळे मागे फिरणार. कुणाला एकटं सोडून वर जायचं नाही.

उगादीच्या, म्हणजे इथल्या कानडी पाडव्याच्या, आधीच्या रविवारी ती शिट्टी माझ्या गळ्यात आली. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नियम दिसला की मी तो पाळायचे. कुठला नियम कधी थोडा वाकवला तरी चालतो, हे सांगणारं घरी कुणी नव्हतं.

जयनगरहून बसने रामनगरकडे गेलो. वारा सकाळपासून सुटला होता. डोंगराखालच्या करंजांची कोवळी पालवी उलटीसुलटी होत होती आणि डोळ्यांत सारखी धूळ जात होती. माझ्यापुढे फक्त अक्का होत्या. सत्तरीच्या, जयनगरात भांड्यांचं दुकान असलेल्या जुन्या मराठी घरातल्या.

"आपल्यातलीच की तू!" माझं मराठी ऐकून त्या म्हणाल्या. "मग मागं राहून माझी चुगली करू नको."

चालता चालता त्यांनी सांगितलं, दुकान विकलं, पुढच्या महिन्यात मुलगा त्यांना नागपूरला नेणार. "वरच्या सपाटीवर बसून एकदा डबा खाते. मग कुठं न्यायचं तिथं नेऊ दे."

अर्ध्या वाटेवर त्या एका खडकावर बसल्या. छातीवर हात, डोळे मिटलेले.

"स्वल्प बसते. शिट्टी नको हं, पोरी."

"दुखतंय का, अक्का?"

"धूळ तोंडात जाते गं. दम लागलाय, दुसरं काय."

त्यांचे ओठ मला काळसर वाटले. बाकीचे वळणाआड गेले होते. मी थांबले, पण फार नाही. काही झालं तर सगळे मलाच विचारतील, शिट्टी का नाही वाजवली? खरं सांगायचं तर त्यांच्या काळजीपेक्षा ही भीती मोठी होती. मी तीनदा शिट्टी वाजवली. वारा चढाच्या दिशेने होता, आवाज लगेच वर पोचला.

क्लबाचे प्रमुख, एक निवृत्त बँक अधिकारी, धावत खाली आले. "करेक्ट!" ते मला म्हणाले. त्यांच्यामागून पुण्याहून नोकरीला आलेला एकजण ओरडला, "चला, आज डबे बस स्टँडवरच!" दोघंतिघं हसले.

अक्का तोवर पदर खोचून उभ्या राहिल्या होत्या. "मी चालते की वर. काही झालं नाही मला."

"अक्का," प्रमुख हळूच म्हणाले, "हा नियम तुम्हीच केलाय."

अक्कांनी वळणाकडे एकदा पाहिलं आणि त्या उतरू लागल्या. मी पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही.

खाली आल्यावर त्यांनी डबा उघडून दोन खुसखुशीत तिखट कोडबळी माझ्या हातावर ठेवली. "बरोबर केलंस," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात क्लब पुन्हा त्याच डोंगरावर गेला. अक्का तेव्हा नागपूरला होत्या. त्या खडकापाशी मी घड्याळ पाहिलं. वरच्या सपाटीपर्यंत मला आठ मिनिटं लागली. त्यांना वीस लागली असती. जमलं असतं की नसतं, मला माहीत नाही. पण किती वेळ वाट पाहून शिट्टी वाजवायची, हे त्या नियमात कुठेच नव्हतं. मी अजून थोडा वेळ त्यांच्याशेजारी बसू शकले असते.