पहिला मासा लागेपर्यंत

माझा थोरला भाऊ लिफ्टचा मेकॅनिक. उंच इमारतींच्या पोटात, त्या अंधाऱ्या उभ्या बोगद्यात उतरून तारा, चाकं आणि ब्रेक तपासण्यात त्याचा जन्म गेला. वरून कोणी हाक मारली तरी ओ द्यायचा नाही, कारण ओ दिली की लोक गप्पा मारायला लागतात. घरीही तीच तऱ्हा. डोकं हुशार, हात त्याहून हुशार, आणि हट्टाचं तर विचारूच नका. आई म्हणायची, याला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याची धाकटी बहीण, त्याच इमारतीत एक मजला खाली राहते. आई गेल्यावर हे पाणी ओतायचं काम मी आणि वहिनीने वाटून घेतलं.

दादाला नाद एकच, मासे पकडण्याचा. दर रविवारी तो आणि त्याचा बालमित्र शहराबाहेरच्या तलावावर होडी घेऊन जायचे. हा मित्र घड्याळं दुरुस्त करतो, म्हणून आम्ही त्याला घड्याळवालाच म्हणतो. दोघंही होडीच्या दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून बसणार, तोंडातून अवाक्षर काढणार नाहीत. मोबाइलसुद्धा काठावर गाडीत ठेवून जायचे, मासे बिचकतात म्हणे. आणि त्यांचा एक नियम होता, तरुणपणी कधीतरी केलेला. पहिला मासा होडीत आल्याशिवाय डबा उघडायचा नाही, आणि सकाळपासून अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही. एकदा असेच उपाशी असताना त्यांना म्हणे मांडीएवढा मासा मिळाला होता. मांडी कोणाची, असं मी विचारलं, तर दोघंही फुगून बसले.

इतकी वर्षं आम्ही या नियमाला हसत होतो. मग दादाला साखर निघाली, गोळ्यांनी भागेना, आणि डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं. दादा-वहिनीला समोर बसवून त्यांनी बजावलं, सुई घेतली की लगेच खायचं. सुई घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाईल, आधी घाम फुटेल, मग बडबड, मग बसल्या जागी शुद्ध जाईल, आणि वेळेत गोड मिळालं नाही तर माणूस हाती लागायचा नाही. दादाने मान हलवली. मान हलवण्यात दादाचा हात कोणी धरणार नाही.

त्या दिवसापासून मला रविवारची धास्ती वाटायला लागली. वहिनीला तर शनिवारचीच.

वहिनी एका शाळेच्या कॅन्टीनमध्ये कामाला आहे. कुठला पदार्थ दुपारपर्यंत टिकतो आणि कुठला डब्यात रडतो, हे ती झाकण न उघडता सांगते. शनिवारी संध्याकाळी ती ओट्यापाशी उभी राहायची आणि मी टेबलाशी बसून शेरे मारायचे.

"अंडी उकडून दे," मी म्हणायचे.

"सोलणार कोण? हाताला गांडुळांची माती. सोलायचा कंटाळा आला की ठेवून देतील तशीच."

"मग खारे शेंगदाणे?"

"खारं खाल्लं की तहान. पाणी प्यायले की होडी काठाला लावायची पाळी. ते नको म्हणून पाणी प्यायचं नाही, आणि पाणी नको म्हणून शेंगदाणे खायचे नाहीत. मी ओळखते ना माझ्या माणसाला!"

बिस्किटं दमट हवेत मऊ पडायची, केळी उन्हाने काळी पडायची. सोडा उघडला की फसफसून अंगावर. शेवटी तिने तिच्या परीने तोड काढली. गोड बन आणायचे, खजूर कुस्करून त्यात भरायचा, आणि एका घासाचे चौकोनी तुकडे करायचे. चावायला नको, सोलायला नको, चुरा पडत नाही. एका हाताने उचलावा आणि तोंडात टाकावा. प्यायला थर्मासमध्ये दाट गोड सरबत, झाकण असं की ओल्या हातानेही फिरावं.

"इतकं मऊ आहे की दात नसलेला माणूसही खाईल," ती त्या शनिवारी समाधानाने म्हणाली. मी एक तुकडा उचलला. बोटांत दाबला तर त्याचा लगेच गोळा झाला. मी तो खाल्ला आणि विसरून गेले.

रविवारी उजाडता उजाडता दादा गेला. दारात घड्याळवाला उभा होता. वहिनी त्याला म्हणाली, "भाऊजी, यांच्याकडे लक्ष असू द्या हं." तो हसला, "तुम्ही निर्धास्त राहा, वहिनी." मी जिन्यातून हे ऐकलं. मलाही तेव्हा निर्धास्त वाटलं.

उन्हं वर आल्यावर मी गॅलरीत कपडे वाळत घालायला गेले, तर खाली लोणी लावलेले पावाचे दोन तुकडे पडलेले, आणि कबुतरं त्यांवर तुटून पडलेली. माझ्या गॅलरीच्या वर एकच गॅलरी आहे, दादाची. मी जिना उतरून खाली धावले. उरलेला पाव उचलून मी तशीच वर गेले.

वहिनीने पाव बघितला. "खाल्लं म्हणाले मला," ती म्हणाली. "मी आंघोळीला गेले होते. बाहेर आले तर बशी रिकामी होती."

"आणि सुई?" मी विचारलं. ती फ्रिजपाशी गेली. वापरलेल्या सुया ती एका पत्र्याच्या डब्यात टाकते. वरची सुई आजचीच होती.

"डबा आहे ना बरोबर?" मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला.

"आहे. आणि भाऊजी आहेत. त्यांना सगळं माहितीये."

"तू सांगितलंस त्यांना?"

"यांनी सांगितलंय ना..."

मग वहिनीने घड्याळवाल्याच्या बायकोला फोन लावला. फोनमधला तिचा आवाज मला टेबलापलीकडूनही ऐकू आला. "इंजेक्शन? भाऊजींना? अगं बाई, कधीपासून?"

दादाने कोणालाच सांगितलं नव्हतं. सुई टोचून घेणारा माणूस म्हणजे आजारी माणूस, आणि आजारी माणसाला कोण होडीत घेणार, असा त्याचा हिशोब असणार. त्याचं डोकं कसं चालतं ते मला ठाऊक आहे, म्हणून तर माझं टाळकं फिरलं. तलावाकडे जाताना टॅक्सीत मी त्याच्या नावाने तोंडाला येईल ते बोलत होते. निघताना वहिनीने साखरेचा डबाच्या डबा उचलला होता आणि तो पोटाशी धरून बसली होती.

इकडे तलावावर काय चाललं होतं, ते घड्याळवाल्याने मला नंतर सांगितलं. सांगताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

त्या दिवशी मासा लागेना. गांडुळांना मासे तोंड लावीनात. पाणी अगदी निपचित, वारा नाही, काठावर पाखरूसुद्धा नाही. ऊन चढलं तसं दादाने मागे वळून डबा उघडला. नियम मोडतोय की काय म्हणून घड्याळवाल्याने बघितलं, तर दादाने बनाचा तुकडा उचलला, बोटांत मळला आणि गळाला लावला. "गोडाला येतात बघ," तो म्हणाला. खरोखरच गळाशी हालचाल सुरू झाली. मासे हळूच गोळा काढून न्यायचे, पण अडकायचे नाहीत. दोघांना चेव आला. तुकड्यामागून तुकडा गेला. शेवटचे सुकायला लागले, तेव्हा दादाने थर्मास उघडला आणि सरबतात भिजवून त्यांचा लगदा केला. सरबताचा वास लागला की येतील, म्हणून उरलेलं सगळं होडीभोवती पाण्यात ओतलं. पोट जाळणारी भूक लागली असणार त्याला. पण एक घाससुद्धा त्याने तोंडात घातला नाही, कारण पहिला मासा अजून यायचा होता.

"त्याला घाम फुटला होता," घड्याळवाला म्हणाला. "मला वाटलं, उन्हाने. मग काहीतरी पुटपुटायला लागला. मी म्हटलं, गप्प बस, मासे बिचकतील."

आम्ही काठावर पोचलो तेव्हा होडी तलावाच्या मध्यावर होती. एका टोकाला दादा बसलेला, टोपी पुढे सरकलेली, हनुवटी छातीवर. दुरून कोणालाही वाटावं, डुलकी लागली. दुसऱ्या टोकाला घड्याळवाला उभा राहिला होता आणि त्याच्या गळाची काठी वाकली होती.

"लागला!" तो ओरडला. पाण्यावरून त्याचा आवाज स्वच्छ आला. त्याने मासा वर उचलून धरला. चांगला मोठा, चकाकणारा, तडफडणारा मासा. "अरे, ऊठ की! लागला!"

दादाने मान उचलली नाही.

वहिनी चपलांसकट गुडघाभर पाण्यात शिरली. "भाऊजी! त्यांना खायला घाला! काहीतरी गोड घाला त्यांच्या तोंडात!"

घड्याळवाल्याने आमच्याकडे बघितलं, मग दादाकडे, मग पायाशी पडलेल्या डब्याकडे. मासा त्याच्या हातातून निसटून होडीत पडला.

"वहिनी," तो म्हणाला, "काहीच उरलं नाही हो."

ते शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याने वल्ही मारायला सुरुवात केली, आणि ती होडी इतकी हळू येत होती, इतकी हळू, की मला वाटलं ती उलटीच चाललीय. मी काठावर उभी राहून देवाला शिव्या घातल्या आणि त्याच दमात हातही जोडले. होडी जवळ आली तेव्हा दादाचा चेहरा दिसला, मेणासारखा पांढरा. वहिनीने पाण्यातच त्याला कवेत घेतलं, साखरेत बोटं बुडवली आणि त्याच्या हिरड्यांना चोळत राहिली. "गोड आहे बघा, चाटा, अहो, चाटा ना," एवढंच ती म्हणत होती. तो चाटत नव्हता. काठावरच्या राखणदाराने त्याची गाडी काढली.

हॉस्पिटलात त्याला सलाइनमधून साखर चढवली. साखर वर आली, दादा नाही आला. डॉक्टर म्हणाले, मेंदू बराच वेळ उपाशी होता. जागे होतील का, आणि झाले तर तुम्हाला ओळखतील का, हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही. घड्याळवाला कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीला टेकून उभा असायचा, जवळ यायचं धाडस करायचा नाही. शेवटी वहिनीच त्याच्यापाशी गेली. त्याने तिला सगळं सांगितलं, बनाचं, सरबताचं, सगळं. ती ऐकून घेऊन परत माझ्याशेजारी बसली. "मी ते मऊ केले होते," ती म्हणाली. "त्यांना खायला सोपे जावेत म्हणून." मी तिचा हात धरून ठेवला.

आत एका वेळी एकालाच सोडायचे. वहिनी आत जायची, बाहेर यायची, मान हलवायची, बसायची. हे किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. मग एकदा ती आत गेली आणि बराच वेळ बाहेरच येईना. मी उठून दाराच्या काचेतून डोकावले. दादाचे डोळे उघडे होते. ओठ हलत होते, वहिनी वाकून कान लावून ऐकत होती. मग ती काहीतरी म्हणाली, त्यावर तो परत काहीतरी म्हणाला, आणि ती पदराने तोंड पुसत पाठ फिरवून बाहेर आली.

"काय म्हणाला?" मी तिचे खांदेच धरले. "ओळखलं का तुला?"

"मला म्हणाले, रडू नकोस, मी बन सगळे खाल्ले होते. मी विचारलं, कसे झाले होते? तर म्हणाले, फार छान." वहिनी बाकावर बसली. हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता यायचं नाही. "आले गं शुद्धीवर," ती म्हणाली. "खोटं बोलायला लागले."