वरच्या मजल्यावरचा हत्ती

आता हे तुम्हाला सांगावं की नको, इथूनच माझी भीती सुरू होते. सबंध बिल्डिंग मला बाहेर बोलवत होती आणि मी आतून कडी लावून बसले होते! पण थांबा, आधी पेल्यांचं सांगते.

माझ्या आईचं घर भूकंपात गेलं. माझा जन्म त्यानंतरचा, पण भीती तिनं मला दुधाबरोबरच पाजली. स्टीलचे पेले ओट्यावर उलटसुलट, एकावर एक रचून ठेवायचे. जमीन हलली की पेले पडणार. पेले पडले की लेकरू उचलून पळायचं. झालं आमचं यंत्र! लग्न होऊन मी लातूरला आले, तसं तेही आलं.

अडचण एकच. आमच्या डोक्यावर राहतात शाहीन भाभी. त्यांनी कपाट सरकवलं, पेले पडले. नातवानं उडी मारली, पेले पडले. दर वेळी मी दीड वर्षाच्या इराला घेऊन गाउनवर रस्त्यात! वॉचमन हसायला लागला, तेव्हा मी पळायचं सोडलं आणि चिडायला सुरुवात केली.

पण चिडायचं कुणावर? मी क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायला जाते, तेव्हा इराला भाभीच सांभाळतात. त्या रुसल्या की माझी नोकरी गेलीच म्हणून समजा.

त्या रविवारी दुपारी इरा कशीबशी मांडीवर झोपली. मांडी अजून हलवतच होते, तेवढ्यात घर्रर्र झालं आणि पेले खणाखण खाली. इरानं भोकाड पसरलं. माझं डोकं सटकलं. तोंडावर बोलायची हिंमत कुठली? बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, ‘वरच्या मजल्यावर माणसं राहतात का हत्ती?’

नाव घेतलं नव्हतं हं मी! फक्त आमच्या वर एकच मजला आणि त्यावर एकच घर, एवढंच.

लगेच तळमजल्यावरच्या गुरुजींचं उत्तर, ‘ताई, ही वेळ आहे का असलं आक्षेपार्ह लिहायची?’

आक्षेपार्ह! हा शब्द मी फक्त पेपरात वाचलेला. आक्षेपार्ह पोस्ट, गुन्हा दाखल, बंदोबस्त वाढवला. 

आधी मी भांडले. ‘यात आक्षेपार्ह काय? हत्ती पूज्य प्राणी आहे.’ मग घाबरून दोन्ही मेसेज पुसले. मग वाटलं, ज्यांनी वाचलं नाही ते काय काय कल्पना करतील! म्हणून लिहिलं, ‘कुणाच्याही भावना दुखावल्या असल्यास जाहीर माफी.’ त्यापुढं हात जोडले, चांगले ओळभर. तोवर मेसेज धडाधड यायला लागले. वाचायचा धीर होईना. सरळ ग्रुपच सोडला.

खिडकीतून खाली बघते तर काय, सगळी बिल्डिंग आवारात! लिफ्ट बंद असली की भाजीलाही न उतरणाऱ्या नायगावच्या काकूसुद्धा! आणि सगळे बघत होते वर, माझ्याच खिडकीकडं.

मी दाराला कडी लावली, वर सोफा लावला आणि नांदेडला गेलेल्या नवऱ्याला फोन केला. “अहो, लोक जमलेत!”

“मग माफी माग ना.”

“मागितली!”

“परत माग. अन् दार उघडू नको.”

हा आमचा आधार!

तेवढ्यात दारावर धाडधाड. गुरुजी! “ताई, आधी खाली या!”

“नाही येणार! काय बोलायचं ते इथूनच बोला!”

“अहो, आत लेकरू हाय ना!”

“लेकराला मधे आणू नका, गुरुजी! मी हत्ती मागं घेते!”

“कसला हत्ती? जमीन हलून राहिली अन् तुम्ही कडी लावून बसल्या!”

तो सोफा दाराला लावला होता तेव्हा सहज सरकला होता. आता हलेना! कशी बाहेर पडले, कशी उतरले, आठवत नाही. पायात चप्पल नव्हती, इरा मात्र छातीशी घट्ट होती.

खाली पोचले तर समोर रिक्षातून उतरत होत्या शाहीन भाभी. हातात पिशवी, पिशवीवर मोबाईल. सकाळपासून कंधारला भावाकडं गेलेल्या. घराला कुलूप. म्हणजे वर कुणीच नव्हतं!

“भाभी, ते ग्रुपवर... मी...”

“वाचलं की एसटीत.” त्यांनी इराला माझ्याकडून घेतलं, पदरानं तिचं नाक पुसलं. “हत्ती आत्ताच उतरला बघ कंधारच्या गाडीतून!”

सगळं आवार हसलं. मी कुठं हसणार? माझा जीव अजून टांगलेलाच. हळूच विचारलं, “भाभी, उद्या इराला सांभाळाल ना?”

“अगं, सांभाळते की! माझ्याकडंच बरी हाय ती. जमीन हलली तर मी हिला घिऊन पळते. तू बस निवांत टाईप करत!”