दत्ताराम काकांचं न झालेलं ॲग्रीमेंट

दत्ताराम काकांना घराबाहेर काढणाऱ्यांत मी पण होते.

हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला "किती गं हळवी तू" म्हणायला येणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी भाड्याच्या घरांची ॲग्रीमेंट करते. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर. स्कूटीवर लॅपटॉपची बॅग, बॅगेत अंगठ्याचं मशीन. घरी जाऊन मालकाचा अंगठा, भाडेकरूचा अंगठा, दोघांचे फोटो. झालं रजिस्टर. पुढचे अकरा महिने सगळे निवांत.

काका बुवापाड्यात एका खोलीत भाड्याने राहायचे. ते आणि काकी. मूळचे कोकणातले, मूलबाळ नाही. आख्खी नोकरी एमआयडीसीत प्लेटिंगच्या कंपनीत गेली, हात कायम केमिकलमध्ये. अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.

त्यामुळे दर अकरा महिन्यांनी तोच तमाशा.

काका मशीनवर अंगठा दाबणार. मशीन नाही म्हणणार. मी म्हणणार, "काका, डोक्याला पुसा. जरा तेल लागलं की येतो ठसा."

काका टकलावरून हात फिरवायचे. "इथं काय उरलंय गो बाय?"

मग काकी डोकं वाकवून पुढे यायच्या. "घ्या, माझ्या केसांना पुसा. लग्न केलंत ते कशाला?"

आणि खरंच यायचा! तिसऱ्या-चौथ्या वेळेला, पण यायचा. मग चहा. मालकसुद्धा हसायचे.

सात वेळा केलं मी त्यांचं ॲग्रीमेंट. सातही वेळा असंच.

मागच्या वर्षी काकी गेल्या.

त्यानंतरच्या ॲग्रीमेंटला म्हातारे मालक नव्हते, खोल्या मुलाच्या नावावर झाल्या होत्या. तो समोर मोबाइल बघत बसलेला. काका अंगठा दाबतायत, मशीन नाही म्हणतंय. बाटलीतलं तेल लावलं. साबणाने हात धुतले. दुसरी बोटं लावून बघितली. मी घड्याळ बघतेय, कारण बदलापूरला पुढची पार्टी वाट बघत होती.

"काका, नंतर करू," म्हटलं आणि मशीन बॅगेत टाकलं.

ऑनलाइन नाही झालं तर रजिस्ट्रार ऑफिसला जाऊन करता येतं. मला माहीत होतं. पण त्यात अर्धा दिवस जातो, आणि तेव्हा मला अर्ध्या दिवसाचा भारी माज होता.

नंतर म्हणजे कधीच नाही. तुम्हालाही माहितीये.

दोन महिने त्या मुलाने भाडं घेतलं. मग एक दिवस काकांना म्हणाला, "तुमचं ॲग्रीमेंटच नाहीये. आठ दिवसांत खोली खाली करा."

काकांनी मला फोन केला.

"बाय, कागद नाय झाला तर माझा काहीच हक्क नाय काय गो?"

आता नीट वाचा.

आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, कागद नाही म्हणजे भाडेकरू संपला. उलट आहे! ॲग्रीमेंट लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची. ते केलं नसेल आणि भांडण झालं, तर भाडेकरू सांगेल त्या अटी धरल्या जातात. त्या खोट्या ठरवायचं काम मालकाचं. आणि मुदत संपली असली तरी मालक स्वतः येऊन कुलूप लावू शकत नाही, लाइट-पाणी तोडू शकत नाही, सामान बाहेर टाकू शकत नाही. त्याला रीतसर अर्ज करून ऑर्डर आणावी लागते.

हे मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवलं तरी सांगेन.

काकांना नाही सांगितलं.

कारण त्या मुलाच्या बारा खोल्या, आणि बाराही खोल्यांचं काम माझ्याकडे.

मी म्हटलं, "बघते काका."

"बघ हां बाय. हिच्या मागे दुसऱ्या घरात मला झोप नाय लागायची."

नंतर त्यांचे तीन मिस्ड कॉल आले. मी बिझी होते. बिझी कसली डोंबलाची, उचलायची हिंमत नव्हती.

नवव्या दिवशी काकांचा पुतण्या टेम्पो घेऊन आला आणि त्यांना चामटोलीला आपल्या घरी घेऊन गेला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. खोली झाडून, किल्ली शेजारी देऊन गेले म्हणे.

पुढच्या महिन्यात त्याच खोलीचं नवीन भाडेकरूचं ॲग्रीमेंट केलं. हो, मीच केलं.

काल चामटोलीला जाऊन आले. काकांचा दहावा होता.

पुतण्या वाईट माणूस नाही. त्याने आणि त्याच्या बायकोने काकांचं सगळं केलं. पण म्हणाला, "ताई, त्यांनी सामान सोडूच दिलं नाही."

पडवीत खोकी तशीच होती. दोरीने बांधलेली, बुवापाड्याहून आणली तशी. काकींचा फोटोसुद्धा पेपरात गुंडाळलेला.

"काकींच्या फोटोला खिळा ठोकू म्हटलं तर ओरडायचे. म्हणायचे, कशाला उगाच भिंत खराब करतोस, आपल्याला परत जायचंय. ती ॲग्रीमेंटवाली बाय बघतेय."

मग त्याने मला विचारलं, "तुम्ही कुठल्या? कंपनीतल्या ओळखीच्या का?"

मी हो म्हटलं.

पाच महिने, काका. पाच महिने तुम्ही त्या खोक्यांशेजारी बसून होतात.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कुणाला असं आठ दिवसांत निघायला सांगितलं असेल तर मला फोन करायला सांगा. मालक माझा गिऱ्हाईक असला तरी. उचलेन.

काका, माफ करा म्हणायला तोंड नाही. काल तुमच्या फोटोपुढे हात जोडले आणि एवढंसुद्धा बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

तुम्ही विचारलं होतंत ना?

होता, काका. तुमचा हक्क होता.