आम्ही जर्मनवाले

माझा मुलगा ऑफिसच्या पाहुण्यांसमोर जेवताना म्हणाला, "गावाला आमच्या घराला जर्मनवाले म्हणतात. आजोबा जर्मनची भांडी विकायचे ना!" म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे टोप, झाकण्या. सगळे हसले. मी हातातला घास ताटात ठेवून उठलो.

माझ्या बापाने जन्मात एक टोप विकला नाही. तो खलाशी. बोटीच्या भट्टीत कोळसा ओतायचा. जर्मनीतल्या स्टेटीन बंदरात बोट बर्फात अडकली आणि त्याने अख्खा हिवाळा तिथे काढला, म्हणून गाव त्याला जर्मनवाला म्हणायला लागलं. मुलाला हे शंभरदा सांगितलंय. पण मी पडलो चौथी शिकलेला. इथे आखातात, अल कुसैसच्या या घरात माझं कोण ऐकतो?

पाहुणे गेल्यावर नातीने फोनमध्ये बघितलं. "आजोबा, देअर इज नो स्टेटीन इन जर्मनी. इट्स इन पोलंड नाऊ. नेम पण चेंज झालंय."

"ऐकलंत बाबा? खलास!" मुलगा म्हणाला.

"काय खलास? शहराचं नाव बदललं म्हणून माझा बाप तिथे गेलाच नाही होय रे?"

मी नातीच्या मागेच लागलो. तिने तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या दफ्तराला पत्र लिहिलं. बापाचं नाव, आजाचं नाव, आमचं गाव, सगळं घातलं.

दीड महिन्याने उत्तर आलं. एका बोटीवरच्या माणसांची यादी. त्यात रत्नागिरीकडचा एक खलाशी, नाव माझ्या बापाचंच. मुलगा उड्याच मारायला लागला. "मिळाले की, बाबा! यल्ला, चला, उद्याच फ्रेम करून आणतो."

मी नातीला पुढचं वाचायला लावलं. त्या माणसाच्या बापाचं नाव भलतंच. गावही भलतंच.

"स्पेलिंग चुकलं असेल हो. कोण बघतंय?" मुलगा म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "गाढवा, स्पेलिंगने बाप बदलतो? आधी माझ्या बापाला भांडीवाला केलास, आता दुसऱ्याचा बाप भिंतीला टांगतोस?"

"मग तुमच्याकडे प्रूफ काय?"

"मी आहे ना!"

मी नातीला म्हटलं, "लिही त्यांना. हा आमचा नाही. पण याला नीट जपा, याचंही कोणी विचारत येईल. आणि आमचा पुन्हा शोधा."

"इन्शाल्ला, आजोबा. लिहू उद्या-परवा."

"इन्शाल्ला नको. आत्ता बस आणि लिही."