दगड निववायची दहा मिनिटं

आमच्या घाटनांदूरच्या गिरणीत माझे आईवडील चाळीस वर्षं एकमेकांशी खुणांनीच बोलले. मूठ दाखवली की दळण जाड, चिमटी दाखवली की बारीक, अंगठा तोंडाकडे नेला की चहा. मोटर चालू असली की दुसरं काही चालतच नाही. दादांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, उजवा कान तर गिरणीनं केव्हाच खाल्ला. डाव्यानं ऐकू येतं, पण तेही त्यांच्या मर्जीनं.

माय मात्र गिरणीत बोलायची. घरात आम्ही आठ माणसं आणि खोल्या तीन. आजी, दोन काका, दोन काकू. मायनं तिथं तोंड उघडलं की चार कानांवर जायचं आणि दुसऱ्या दिवशी गावभर व्हायचं. म्हणून ती घरात मुकी आणि गिरणीत बोलकी. संध्याकाळी गर्दी झाली, मोटर घुमायला लागली की ती चाड्यापाशी, म्हणजे वरून धान्य ओततात त्या पत्र्याच्या पेटीपाशी, उभी राहायची आणि तिचे ओठ सुरू व्हायचे. आवाज कुणालाच यायचा नाही. लहानपणी मी विचारलं, "माय, कुनाशी बोलायलीस?"

"गव्हाशी," ती म्हणाली.

एकदा मी अगदी तिच्या पदराखाली शिरून कान लावला. कळलं एवढंच, "आन् वरून मलाच म्हनं मीठ जास्त झालं!" तिची आई वारली त्या साली ती माहेरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आल्यावर घरात रडायला जागा नव्हती. पुढं महिनाभर ती चाड्याला धरून बोलायची आणि डोळे पुसायची. कुणी बघितलं तर म्हणायची, पीठ गेलं डोळ्यात. गिरणीत ते खपून जातं.

आता आजी नाही, काका वेगळे राहतात, घरात दोघंच. पण घरात बोलायची सवय मायला लागली नाही ती नाहीच. तिचं बोलणं अजून संध्याकाळी चाड्यापाशीच. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी जे केलं ते केलं. अक्कल पुण्यात ठेवून आले होते, दुसरं काय!

मी पुण्यात वीज बाजारात काम करणाऱ्या एका कंपनीत आहे. होय, विजेचाही बाजार भरतो. दिवसाचे पंधरा पंधरा मिनिटांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव आदल्या दिवशी ठरतो. भर दुपारी उन्हाची वीज रग्गड, तेव्हा भाव पडतो. दिवस मावळला की सोलर झोपतं, आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. भाव चढतो. मग ज्यांचं काम दोन तास पुढंमागं झालं तरी अडत नाही, अशा बारक्या लोकांना आमची कंपनी गोळा करते. गिरण्या, दूध थंड करायची केंद्रं, बर्फाचे कारखाने. त्यांनी मोटर संध्याकाळी बंद ठेवायची, दुपारी चालवायची. एकट्या गिरणीला बाजारात कोण विचारतो? पण सगळ्यांनी न वापरलेली वीज एकत्र केली की ती बाजारात उभी करता येते, जणू कुणी तेवढी वीज नव्यानं तयारच केली.

"म्हंजे न दळलेलं दळण इकायचं!" दादा हसून हसून खोकायला लागले. "लई भारी धंदा काढला बाई तुमी."

प्रयोगासाठी आमचीच गिरणी घ्या, हे मीच साहेबांना सांगून आले होते. मीटरला एक डबी बसवली. गिरणी कधी किती वीज खाते ते मला मोबाइलवर दिसायला लागलं. त्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यात खुपली. रोज संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावरही मोटर दहा मिनिटं चालूच. दळण नाही, काही नाही. दगड सैल केलेले आणि गिरणी नुसती मोकळी फिरतेय. मी भडकलेच.

"दादा, रिकामी कावून चालवता?"

"दगड निवू द्यावा लागतो."

"मोटर चालू ठेवून दगड निवतो व्हय? पट्टा झिजतो, वीज वाया जाते. आणि मला शिकवताय?"

दादांनी उजवा कान पुढं केला. झालं, बोलणंच खुंटलं.

पण खरी अडचण बायकांची होती. आमच्याकडे बाई दळण टाकून जात नाही. समोर उभी राहते, आपलं पीठ आपल्या डब्यात पडताना बघते आणि मगच हलते. मागं ठेवलेल्या दळणात दुसऱ्याची बाजरी पडते, चांगला गहू जाऊन किडका येतो, उपासाच्या भगरीत गव्हाचं पीठ येतं. आता तर सकाळी डबा ठेवून रानात जायचं होतं आणि संध्याकाळी पीठ न्यायचं होतं. "डबा ठिवून जा म्हनं! उद्या म्हनशील लेकरं बी ठिवून जा," एका म्हातारीनं मला सुनावलं. मी आलेख दाखवले, फायदे सांगितले. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी माय उठली. जुन्या लुगड्यांच्या रंगीत चिंध्या काढल्या आणि घरोघरी गेली. ज्या रंगाची चिंधी डब्याच्या कडीला, त्याच रंगाची बाईच्या हातात. म्हणाली, "मी सोता हुबी राहून दळून घेईन. दाना हिकडचा तिकडं झाला तर पीठ माझ्या तोंडावर फेका. माझ्या लेकीचं काम हाय." चार दिवसांत गिरणीच्या ओट्यावर डब्यांची रांग लागली. मी तिला मिठी मारली.

"सर तिकडं, ड्रेसला पीठ लागंल," ती म्हणाली.

दुपारचं दळण सुरू झालं. मी चहा घेऊन गेले तर माय चाड्यापाशीच होती, पण तिचे ओठ मिटलेले. डोळे एका चिंधीवरून दुसऱ्या चिंधीवर. शब्द दिला होता ना बायकांना! चुकून चालणार नव्हतं. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. तिची संध्याकाळ मी विकून आले होते, आणि दुपार तिनं माझ्यासाठी स्वतःच देऊन टाकली होती.

कंपनीकडून मोटर बंद ठेवायचा पहिला निरोप आला. उद्या संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ. दुसऱ्या दिवशी बायका येऊन चिंध्या जुळवून आपापले डबे घेऊन गेल्या, एकही तक्रार नाही. साडेसहाला दादांनी लाल बटण दाबलं. पट्टा सैल होत होत थांबला. शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी आमच्या गिरणीत ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदाच.

माय सवयीनं चाड्यापाशी जाऊन उभी राहिली. एक हात चाड्याच्या कडेवर. ओठ हलले, आणि अर्धा शब्द मोठ्यानं बाहेर पडला. ती दचकली. तिनं पदर तोंडाला लावला. माझ्यानं ते बघवेना.

"माय, मी कळवते कंपनीला. आपल्याला नको हे."

"गप. बायकांला सबूद दिलाय मी."

दादा पिठाच्या गोणीवर बसले होते. ते उठले, गोणी ओढत चाड्याजवळ आणली आणि पुन्हा बसले. या खेपेला डावा कान तिच्याकडे करून.

"बोल की," ते म्हणाले. "इतकी वर्सं नुस्ते व्हट हालताना बघायलो. तुझं बोलनं सरल्याबिगर कदी बटन दाबलं न्हाई मी. आता ऐकू तरी येऊ दे."

मी मोबाइलमधला तो आलेख आठवून शरमेनं मेले. रोज संध्याकाळची ती दहा मिनिटं. वीज वाया जाते म्हणून मी ज्या माणसावर ओरडले होते, तो बायकोचं बोलणं संपायची वाट बघत होता.

मायनं पदरानं चाड्याची कड पुसली. स्वच्छच होती, तरी पुन्हा पुसली.

"पहिल्यापासनं सांगू?" तिनं विचारलं.

"सांग. दोन तास मोटर लावायची न्हाई. तुझ्या लेकीचाच हुकूम हाय."

मी चपला घातल्या आणि दार ओढून घेतलं. आतून मायचा आवाज आला, "तर आई गेल्यावर माहेरावरनं मी परत आले त्या दिवशी..."