आठवी गुंज

जेवण अंमळ जास्तच झालंय. मनीषानं, माझ्या सुनेनं, वांग्याची भाजी केली होती आणि तिच्यापुढं माझा हात काही थांबत नाही. कूलरसमोर चटई टाकून पडलेय. उशाशी अप्पांची सोनं तोलायच्या काट्याची पेटी. उद्या भाचा पंकज येऊन ती घेऊन जाणार, त्याच्या दुकानात काचेआड ठेवायला. डोळे जड झालेत, पण झोपायचं नाही असं मी ठरवलंय. पेटी जाण्याआधी त्यातली एक गुंज मला शोधून काढायचीच आहे.

कोणती गुंज, ते आधीच सांगते, म्हणजे घोटाळा नको. अप्पा म्हणजे माझे वडील, त्र्यंबक ढोमणे, गावचे सोनार. तेव्हा शिकारीला परवाना मिळायचा. दाजीसाहेब मालगुजारांकडं चितळाच्या शिकारीची मॅग्नम रायफल होती. विलायती काडतुसं मिळेनाशी झाली, तेव्हा झाडलेल्या काडतुसांत पुन्हा बंदुकीची दारू भरायचं ठरलं. इतकं बारीक वजन सोनाराशिवाय करणार कोण? अप्पा पितळी वजनांवर वरची कसर गुंजांनी तोलायचे. मोहाच्या झाडाला कागद लावून दाजीसाहेब पाच बार काढणार, अप्पा अर्धी गुंज कमीजास्त करणार, की पुन्हा पाच बार. पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली जाईपर्यंत अख्खा हिवाळा गेला. अप्पांना जवळचं दिसत नव्हतं, म्हणून काटा मी पाहायची.

एक दिवस माझ्या हातून एक गुंज पडली अन् पाटाखाली फुटली. मी गुपचूप कुंपणावरच्या वेलाची एक तोडली आणि पेटीत टाकली. तशीच लाल, तसंच काळं तोंड. अप्पांनी त्या आठ गुंजा शेकड्यांतून सारख्या वजनाच्या पाहून निवडलेल्या होत्या, हे मला काय कमी ठाऊक होतं? त्या खेपेच्या काडतुसात दारू कमी पडली आणि गोळी खाली गेली. चितळाचा पुढचा पाय मोडला, तीन पायांवर ते जंगलात शिरलं आणि दोन दिवस शोधूनही सापडलं नाही. दाजीसाहेब चारचौघांत म्हणाले, "ढोमणे, आंधळ्यानं वजन करू नये." अप्पांनी काटा पेटीत ठेवला तो कायमचा. मी सोळा वर्षांची होते. बोलले नाही. अप्पांना जाऊन एकतीस वर्षं झाली. भाचा अजून गिऱ्हाइकांना सांगतो, आजोबांच्या डोळ्यांनी दगा दिला म्हणून.

"गोदे, काट्याकडं पाह. इकडंतिकडं काय पाहून राहिली?"

अप्पा समोर गादीवर बसलेत. अंगात बंडी, मांडीवर फडकं. दुकान आमचंच आहे, पण कूलरही इथंच चाललाय.

"अप्पा, तुम्ही कधी आलात?"

"मी गेलो कुठं होतो?"

खरंच, कुठं गेले होते? मला आठवत नाही. ते चिमटीनं दारूचे काळे दाणे पारड्यात सोडतात आणि विचारतात, "गुंजा किती?"

"आठ."

"मोज."

मी मोजते तर सात भरतात. पुन्हा मोजते तर नऊ.

"अप्पा, मोजता येऊन नाही राहिलं."

"बाप्पा! मॅट्रिकला बसलेली पोरगी तू!"

मला रडू येतं. सांगायचंय ते जिभेवर आहे, पण आधी ही मोजणी तर संपायला हवी. मी पाणी आणायला म्हणून उठते. दुकानाची पायरी उतरते तर मोहाच्या झाडाखाली डोळ्यांचं शिबिर भरलंय. बाकावर अप्पाच बसलेत, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. झाडाला लावलेल्या कागदावर गोळ्यांची भोकं आहेत आणि अप्पा ती अक्षरांसारखी वाचतात.

"खालची ओळ नाही दिसत," ते म्हणतात.

त्यांच्या शेजारी रांगेत एक चितळ बसलंय. पुढच्या पायाला फडकं बांधलेलं. कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. मलाही नाही, आणि याचीच मला भीती वाटते.

"याचा नंबर आधी आहे," अप्पा म्हणतात.

"अप्पा, ती गुंज मी बदलली," मी म्हणते. इतकं मोठ्यानं निघतं की चितळ कान टवकारतं. "तुमची फुटली माझ्याकडून. कुंपणावरची टाकली मी. तुमच्या डोळ्यांचा दोष नव्हता."

अप्पा पट्टी वर सरकवून माझ्याकडं पाहतात.

"अन् मी जन्मभर या डोळ्यांना शिव्या देत बसलो? तुझ्या मायचं मंगळसूत्र तुटलं, तर दुसऱ्या सोनाराकडं देलं मी जोडायला! सांगितलं काहून नाही?"

"भ्याले."

"मले भ्याली? कधी हात उचलला होता का मी तुझ्यावर?"

"नाही."

"मग?"

मग काय? सत्तरीत आलेली मी पुढं होऊन त्यांची सरकलेली पट्टी नीट बसवते.

आम्ही पुन्हा दुकानात आहोत. चितळ दाराशी उभं. अप्पा डोळे मिटून एकेक गुंज बोटांत फिरवतात. पाचवीपाशी थांबतात, पुन्हा फिरवतात. मग ती माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ मिटतात. त्यांची बोटं कोमट आहेत.

"ही. गुंज डोळ्यानं नसते पाहत, गोदे. बोटानं पाहतात."

"रागावलात?"

"हाव. रागावलो."

चितळ वळतं आणि तीन पायांवर पायरी उतरतं. ते बरं झालं नाही. मी त्याच्यामागं जाऊ की अप्पांजवळ थांबू, मला काही कळत नाही.

"आई! ओ आई! कोणाशी बोलून राहिल्या?"

मनीषा खांदा हलवतेय. उन्हाची तिरीप चटईवर आलीय. माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली. उघडते तर आत गुंज. उशाशी पेटी कडी लावलेलीच. आत मोजते. सात. पुन्हा मोजते. सातच.

मी काटा काढते. हातातली एका पारड्यात घालते, आणि पेटीतली एकेक दुसऱ्यात. सातही वेळा माझंच पारडं वर जातं.

"आई, हात कापतो तुमचा, म्हणून," मनीषा म्हणते.

"मग तू धर."

ती धरते. तिचा हात दगडासारखा स्थिर, तरी माझं पारडं वरच.

"काय आहे हे?" ती विचारते.

"पंकजला फोन लाव," मी म्हणते. "म्हणावं, पेटीत सात गुंजा मिळतील. आठवी मी देणार नाही. अन् त्याला सांग, गिऱ्हाइकांना आजोबांच्या डोळ्यांची ती गोष्ट यापुढं सांगू नको. अप्पांचं वजन चुकलं नव्हतं. आत्यानं गुंज बदलली होती."

मनीषा फोन उचलते, पण नंबर लावत नाही.

"लाव," मी म्हणते. "नाही तर दे इकडं, मीच बोलते."