किल्ली सापडायच्या आधीची पानं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. वही, तुझ्यात लिहिते आहे म्हणजे तुला सांगते आहे, असं धरून चालते. शिक्षण चौथीपर्यंतच—चुकलं तर चालवून घे.

कोथरूडला एका फ्लॅटवर मी पोळ्या करायला जायचे. तिथं मंगेशदादा राहायचा. नागपूरकडचा, हिंजवडीच्या कंपनीत कामाला. सकाळी कंपनीची बस यायच्या आधी तो ओट्याला टेकून स्वतः लिहिलेली कादंबरी मला वाचून दाखवायचा. रोज दोन-तीन पानं. मी लाटत लाटत ऐकायचे.

कादंबरीत पुढच्या काळातलं पुणं होतं. सगळं बियाणं टेकडीखाली कुलपात ठेवलेलं. कुणी कुंडीत मेथीसुद्धा पेरायची नाही. चौघं मूठभर ज्वारी चोरायला निघतात. त्यात एक पोळ्या करणारी बाई. पहारेकऱ्यांच्या पोळ्यांसाठी ती आत जाते, म्हणून वाटा तिलाच ठाऊक. बाकीचे तिघं तिच्या मागून चालतात—ऐकतेस ना?—तिच्या मागून. माझी पोळी तव्यावर करपायची.

"मावशी, लक्ष कुठं आहे? डब्यात कोळसा नेऊ का आज?"

"तुम्हीच गोष्ट दाराशी आणून थांबलात," मी म्हणायचे. एवढं बोलणंसुद्धा माझ्यासाठी फार होतं.

मग एके दिवशीच्या पानांत पहारेकरी झोपला आणि किल्ली त्याच्या उशाशीच सापडली. इतकी सहज? त्यापुढे नुसत्या गोळ्या, नुसती पळापळ. बाई कुठं गेली तेच कळेना. आणि माझी एकही पोळी करपेना.

"खरं सांगा न मावशी, बोर तर नाही होऊन राहिलं?"

मी म्हटलं, छान आहे. खोटं बोलले. खरं सांगितलं तर वाचणं थांबेल, ही भीती. तुला कसं वाटलं, असं मला विचारणारं दुसरं कोण होतं? पण मला सांगायचंय ते हे नाही.

प्रकाशकाकडून कागद परत आले. थोड्या दिवसांनी दादा परदेशी निघाला. गठ्ठा माझ्या हातात दिला—"रद्दीत घाला मावशी." मी तो घरी नेला. अक्षर लावत लावत, चार दुपारी बसून वाचला. किल्ली सापडते ते पान शोधलं. त्या पानासकट पुढचं रद्दीत दिलं. आधीचं ठेवलं.

टाकलेलंच तर ठेवलंस, म्हणशील. थांब.

वर्षभरानं त्याच फ्लॅटवर त्याचा फोन आला. तिथं राहणाऱ्या नव्या मुलांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. हाताला पीठ तसंच.

"मावशी, कुठं बिघडलं ते आता समजलं मला. पुन्हा लिहायचं म्हणतो. पण सुरुवात तशी जमूनच नाही राहिली. ते कागद... असतील का कुठं?"

कागद माझ्या पत्र्याच्या पेटीत होते, लग्नातल्या साडीच्या घडीत. त्याला हवे होते तेवढेच, नेमके तेवढेच.

मी म्हटलं, "नाही हो दादा. त्याच दिवशी गेले रद्दीत."

तो हसला. "बरोबर आहे. मीच तर सांगितलं होतं." आणि मला विचारलं—दुखायचा तो गुडघा कसा आहे?

गुडघा! मी बरा आहे म्हटलं.

का दिले नाहीत? ती बाई मला हवी होती. माझ्यापाशी, पुढे चालणारी. दुसरं काही नाही. त्यानं पुन्हा लिहिलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

अजून दुपारी पानं काढते. बाई टोपली घेऊन दाराशी पोचते, मागे तिघं श्वास रोखून उभे. तिथं पान संपतं. मी घडी घालून पेटी लावते. दार बंदच राहतं.

दादाला ते उघडायचं होतं.